चंद्रभागाबाई कोऱ्या कागदावर सही करत नाहीत

चंद्रभागाबाई निकाळजे कुठलाही कागद हातात आला की आधी तो उजेडाला धरत आणि मग वाचत. सोसायटीची नोटीस असो, गॅसचं कार्ड असो, नाहीतर नातीच्या शाळेची डायरी. येरवड्यात नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मुलाचा फ्लॅट होता आणि बाल्कनीत ऊन भरपूर यायचं, त्यामुळे हा कार्यक्रम दिवसातून दोनचारदा तरी होई.

मुलगा प्रज्ञेश कॉम्प्युटर कंपनीत होता. तो एकदा म्हणाला, "आई, प्रिंटरमधून आलेला कागद आहे तो. त्यात काय दिसणार?"

"खाली काय खोडलंय ते दिसतं."

"आणि काही खोडलेलंच नसलं तर?"

"तर मग का नाही खोडलं, ते बघायचं."

अशा बाईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता आणि प्रज्ञेश शहाणा होता.

या सवयीला कारण होतं. १९७४ साली नवरा कचरू काविळीनं गेला. तो कार्पोरेशनच्या झाडूखात्यात होता. नवऱ्याच्या जागी बायकोला घेतात असं कळल्यावर, दीड वर्षाचं पोर काखेत घेऊन चंद्रभागाबाई अर्ज द्यायला गेल्या. टेबलामागच्या कारकुनानं तीन कोरे कागद पुढे सरकवले. "इथे, इथे आणि इथे सही करा बाई. बाकीचं आम्ही भरतो." त्यांनी केली. वय सत्तावीस, शिक्षण सातवी पास, नवऱ्याला जाऊन एकवीस दिवस झालेले. अशा वेळी कुणीही करतं. पंधरा दिवसांनी हुकूम निघाला तेव्हा त्या कोऱ्या कागदांवर खुद्द चंद्रभागाबाईंनीच लिहून दिलेलं निघालं, की मी झाडूकाम करण्यास राजीखुशीने तयार आहे.

त्या तयार नव्हत्या. सासूनं झाडलं, नवऱ्यानं झाडलं, तेवढं पुरे झालं असं त्यांचं स्पष्ट मत होतं. छप्पन्न साली वडील नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी नऊ वर्षांच्या मुलीचा हात धरून शाळेत गेले, ते काही ह्याच्यासाठी नाही. मग दर सोमवारी सातवीचा दाखला पदराला बांधून त्या मोठ्या साहेबांच्या दाराशी जाऊन उभ्या राहू लागल्या. आरडाओरडा केला नाही, रडल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. चार महिन्यांनी साहेबांनाच कंटाळा आला. शिपाई म्हणून नेमणूक झाली आणि जागा मिळाली सभागृहाच्या दाराशी. एकतीस वर्षं त्यांनी त्या दारात काढली. कुणी आत आलं की उठायचं, कुणी बाहेर पडलं की उठायचं, घंटा वाजली की उठायचं. इतकं उठबस करून गुडघे गेले, पण झाडू हातात घेतला नाही.

दारात उभ्या असलेल्या माणसाला आतलं फार दिसतं. कोण झोपतं, कोण न वाचता हात वर करतं, कोण बोलतं आणि त्याच्या तोंडून कोण बोलतं, हे चंद्रभागाबाईंना पाठ होतं. ब्याण्णव साली राखीव जागांवरून बायका सभागृहात आल्या आणि त्यात त्यांच्याच समाजाची एक बाई निवडून आली, तेव्हा मात्र त्या भुलल्या होत्या. पहिल्या दिवशी त्या बाईंच्या चहात आलं ठेचून घातलं होतं, स्वतःच्या पिशवीतलं. महिन्याभरात लक्षात आलं की बाईंचा नवरा वर प्रेक्षकांच्या गॅलरीत येऊन बसतो. त्यानं रुमाल उजव्या खांद्यावर टाकला की बाई हात वर करतात, डाव्या खांद्यावर टाकला की करत नाहीत. चंद्रभागाबाईंनी आलं बंद केलं.

२००७ सालच्या जुलैत एका सोमवारी दुपारी नात पूर्वा शाळेतून आली ती दप्तर न काढताच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. पूर्वा सहावीत होती, इंग्रजी शाळेत.

"आज्जी, आपली नगरसेविका मैनाताई आज शाळेत आली होती. वह्या वाटायला."

"वह्यांवर फोटो कुणाचा आहे?"

"बद्रीनाथशेठचा. पण ऐक ना. ती माझ्यासारखी आहे."

"तुझ्यासारखी म्हणजे कशी?"

पूर्वानं हात पुढे केला आणि कोपरापासून मनगटापर्यंत बोट फिरवलं. "अशी. आणि माझं आडनाव ऐकून तिनं मला जयभीम केला. सगळ्या शाळेसमोर, आज्जी. माइक चालू होता."

चंद्रभागाबाईंनी गॅस बारीक केला. प्रज्ञेशनं शाळेत असताना आडनाव कधी मोठ्यानं सांगितलं नव्हतं, हे त्यांना आठवलं.

"आणि मी निवडणुकीला उभी राहणार आहे," पूर्वा म्हणाली. "महापौरपदाला."

त्या शाळेत दरवर्षी मुलांची महापालिका निवडत असत. महापौर, उपमहापौर, आणि क्रीडा, ग्रंथालय, स्वच्छता अशा समित्यांचे प्रमुख. मुलं मतपत्रिकेवर शिक्के मारत. जो महापौर होई तो झेंडावंदनाला प्रिन्सिपलबाईंच्या शेजारी उभा राही.

"वर्गातली सृष्टी म्हणाली, मेयर अशी नसते."

"अशी म्हणजे?"

पूर्वानं परत तेच केलं, कोपरापासून मनगटापर्यंत बोट. "मग मी म्हटलं, मैनाताई आहे ना. मग ती गप्पच बसली."

"अर्ज कधी द्यायचाय?"

"शुक्रवारी. पालकांची सही लागते. आई म्हणाली आज्जीची घे."

चंद्रभागाबाई पोळी लाटत राहिल्या. पोरीनं आपलं सगळं वजन एका खांबावर टाकलं होतं. आणि तो खांब कुणी उभा केला होता, हे आख्ख्या येरवड्याला ठाऊक होतं. वॉर्ड अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव झाला तेव्हा जागांचा धंदा करणाऱ्या बद्रीनाथशेठना स्वतः उभं राहता येईना. मग त्यांनी बालवाडीत शिकवणाऱ्या मैना ओव्हाळला शोधून आणलं, तिकीट मिळवून दिलं, निवडून आणलं. लोक नाव मैनाबाईंचं घेत आणि काम सांगायला शेठकडे जात. तसा रिवाजच पडला होता.

संध्याकाळी दोघी बाजारात निघाल्या, तेव्हा चौकात मोठा फ्लेक्स लागला होता. वर शेठ, छातीपर्यंत, हात जोडलेले. खाली कोपऱ्यात मैनाबाई, पासपोर्टएवढ्या. फ्लेक्सवाल्यानं त्यांना धुऊन काढलं होतं, अगदी गुलाबी गोऱ्या.

"हा फोटो चुकीचा आहे," पूर्वा म्हणाली. "ती अशी नाहीये."

"फोटो बरोबर आहे. शेठना जशी पाहिजे तशी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे जिला स्वतःचा रंग बोर्डावर राखता आला नाही, ती सभागृहात काय राखणार आहे?"

पूर्वा नुसती चालत राहिली, पण हात सोडवून घेऊन.

मंगळवारी चंद्रभागाबाईंना रेशनकार्डावरचा पत्ता बदलायचा होता. त्यासाठी नगरसेवकाचं रहिवासी पत्र लागतं. त्या शेठच्या संपर्क कार्यालयात गेल्या. कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसानं नाव, पत्ता विचारला, ड्रॉवरमधून एक लेटरहेड काढलं, प्रिंटरमध्ये घातलं आणि मिनिटभरात पत्र हातात ठेवलं. खाली सही, मैना ओव्हाळ. बाईंचा कार्यालयात पत्ता नव्हता.

चंद्रभागाबाईंनी तिथल्या तिथे कागद ट्यूबलाइटला धरला. छापलेली तारीख सहीच्या शेवटच्या फराट्यावरून गेली होती. सही आधीची, मजकूर नंतरचा. कागदाच्या मागं कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक आकडा होता, त्रेसष्ट.

"हा आकडा कसला?"

"कुणास ठाऊक. गठ्ठाच असा येतो."

"म्हणजे कोऱ्या कागदावर सह्या करून गठ्ठा येतो?"

माणसानं ड्रॉवर लावून घेतला. "आजी, तुमचं काम झालं ना? मग झालं."

काम झालं होतं आणि नेमकं तेच चंद्रभागाबाईंना डाचत होतं. तेहतीस वर्षांपूर्वी ज्या तीन कागदांनी त्यांचे चार महिने खाल्ले, तसले कागद ही बाई गठ्ठ्यानं देत होती. आणि हिच्यासाठी पोरगी वर्गात भांडून आली होती.

प्रज्ञेश सहा महिन्यांसाठी अमेरिकेत होता. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. "गुरुवारी मुख्य सभा आहे. पूर्वाला घेऊन जाते. गॅलरीत बसवते आणि दाखवते, तिची मैनाताई काय करते ते. म्हणजे डोक्यातलं खूळ जाईल."

मग प्रज्ञेश म्हणाला, "आई, खरी असो की खोटी असो, तिला कुणीतरी दिसलंय. मला तर कुणीच दिसलं नव्हतं."

"तुझं काय अडलं? एवढा इंजिनिअर झालास."

"झालो की. पण अजून मीटिंगमध्ये दाराजवळची खुर्ची बघून बसतो. कुणी सांगत नाही तिथं बस म्हणून. पाय आपोआप तिकडंच जातात."

चंद्रभागाबाईंना हे नवीन होतं. पण त्यांनी बेत बदलला नाही. उलट त्यांना वाटलं, आत्ताच कळलेलं बरं. अकराव्या वर्षी मोडलं तर लवकर सांधतं.

सभागृहाच्या दाराशी आता बाबुराव होता, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला शिपाई. गॅलरीचे पास त्यानंच मिळवून ठेवले.

"या चंद्राबाई," तो म्हणाला. "पेन्शन घरपोच मिळते ना? मग इथे कशाला आलात, करमत नाही म्हणून?"

"नातीला जत्रा दाखवायला आणली."

"मग बरोबर दिवशी आलात. तुमच्या येरवड्याचा विषय आहे. एकवीस नंबर, अभ्यासिकेची जागा." त्यानं आवाज खाली आणला. "शेठ स्वतः वर येऊन बसलेत."

ती जागा चंद्रभागाबाईंच्या खिडकीतून दिसायची. जुन्या वस्तीच्या मागं मोकळा तुकडा, त्यावर 'नियोजित अभ्यासिका' असा गंजका पत्रा. वस्तीतली पोरं दहावीचा अभ्यास विहारात बसून करत, आणि विहारात काही कार्यक्रम निघाला की पायऱ्यांवर. शेजारी काचेची आठ मजली इमारत उठत होती, बद्रीनाथशेठांची, कॉम्प्युटर कंपन्यांना भाड्यानं द्यायला. तिला गाड्या लावायला जागा पुरत नव्हती. कोडं घालण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

गॅलरीत बद्रीनाथशेठ पहिल्या रांगेत बसले होते, पांढरा सफारी, मांडीवर मोबाइल. चंद्रभागाबाईंनी मुद्दाम त्यांच्या मागची रांग धरली.

"तो बघ," त्यांनी पूर्वाच्या कानात सांगितलं. "पूर्वी रुमाल असायचा. आता ते बटनं दाबतात."

खाली मैना ओव्हाळ शेवटून दुसऱ्या बाकावर बसल्या होत्या. साधी सुती साडी, नाकावर चष्मा, पुढ्यात कागदांची फाइल. फ्लेक्सवरच्या गुलाबी बाईशी त्यांचा काही संबंध नव्हता.

"दिसली मला," पूर्वा म्हणाली आणि कठड्यावर हनुवटी ठेवून बसली.

विषय भराभर जात होते. नगरसचिव आकडा पुकारायचे, कुणीतरी म्हणायचं "वाचला असं समजून", आणि चारी बाजूंनी "मान्य, मान्य" असा आवाज यायचा. सात ते वीस एवढे विषय पावणेदहा मिनिटांत झाले. चंद्रभागाबाईंनी घड्याळ लावलं होतं.

"आता बघ हं. एकवीस. बसून राहील."

"विषय क्रमांक एकवीस, उपसूचनेसह, वाचला असं समजून."

"मान्य, मान्य."

मैनाबाई उठल्या. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून उठल्या.

"वाचलेला नाही," त्या म्हणाल्या.

महापौरांनी मान वर केली. "बसा ताई. वाचला असं समजलेलं आहे."

"मी तसं समजलेलं नाही. वाचून दाखवा."

सभागृहात हसू पसरलं. मागून कुणीतरी म्हणालं, "ताईंना चष्म्याचा नंबर बदलून द्या रे." दुसरा म्हणाला, "ताई, वर विचारलंत का? शेठ वर बसलेत." त्यावर जास्त हसले.

बद्रीनाथशेठांचा अंगठा मोबाइलवर चालू लागला. खाली मैनाबाईंच्या टेबलावर पालथा ठेवलेला मोबाइल थरथरला, थांबला, परत थरथरला, आणि घरंगळत कडेकडे सरकायला लागला. चंद्रभागाबाई कठड्यावर वाकल्या. घेते आता, त्यांना वाटलं. घेणार, वाचणार आणि बसणार. त्यांनी हे शंभरदा पाहिलं होतं.

मैनाबाईंनी फाइल उचलली आणि मोबाइलवर ठेवली.

"सभासदाला विषय वाचून मागायचा हक्क आहे," त्या म्हणाल्या. आवाज चिरकला होता. "नियमात आहे. मी वाचलाय नियम. विषय वाचला नाहीये."

नियमात खरंच तसं होतं. महापौरांनी नगरसचिवांकडे पाहिलं. नगरसचिवांनी खुर्ची मागे सरकवली, उठून उभे राहिले, घसा साफ केला आणि वाचू लागले. येरवड्यातली अभ्यासिकेसाठी राखून ठेवलेली जागा, उपसूचनेप्रमाणे, अभ्यासिकेऐवजी वाहनतळासाठी वापरण्यास मान्यता देण्यात यावी.

मोठ्यानं वाचल्यावर ते जसं होतं तसं ऐकू आलं. पत्रकारांच्या टेबलावर दोघांनी पेनं उघडली. ते पाहून विरोधी बाकांवरच्यांना अभ्यासाचं महत्त्व आठवलं आणि चौघेजण एकदम उठून बोलायला लागले. सत्ताधाऱ्यांपैकी दोघं म्हणाले की उपसूचना आम्हाला दाखवलीच नव्हती. पंधरा मिनिटं गोंधळ झाला. शेवटी महापौरांनी विषय पुढच्या महिन्यापर्यंत तहकूब केला. बद्रीनाथशेठ मोबाइल खिशात टाकून ताडताड जिना उतरून गेले.

असं होईल हे चंद्रभागाबाईंच्या हिशेबात नव्हतं, आणि हिशेबात नसलेलं काही घडलं की त्यांचा संशय दुप्पट होई.

"भाव वाढवत असेल," त्या म्हणाल्या. "शेठकडून काहीतरी पाहिजे असेल. तहकूब म्हणजे काही नाही म्हटलं असं नव्हे. महिन्यानं मुकाट्यानं हात वर करेल."

पूर्वाचं लक्ष नव्हतं. ती अजून खाली पाहत होती, नगरसचिवांच्या खुर्चीकडे.

"आज्जी, ती उठली तर सगळे हसले."

"हसणारच."

"पण मग ती वाचा म्हणाली, आणि ते सर उठले. तिच्यासाठी उठले. ते उभे होते आणि मग ती खाली बसली. ती बसली होती आणि ते उभे होते."

चंद्रभागाबाईंचा हात गुडघ्यावर गेला. एकतीस वर्षांत त्या खुर्चीत पाच माणसं होऊन गेली. त्या पाचांनीही त्यांच्यासाठी फक्त घंटा वाजवली होती. त्यांनी खालच्या दाराकडे पाहिलं. तिथं त्यांचं स्टूल अजून तसंच होतं.

"चल," त्या म्हणाल्या. "मला तिला काहीतरी विचारायचंय."

जिन्याखालच्या व्हरांड्यात मैनाबाई भिंतीला टेकून पाणी पीत होत्या. आसपास कुणी नव्हतं. एरवी सभा संपली की नगरसेवकाभोवती चार माणसं असतात. ती सगळी शेठच्या मागं गेली असावीत. पूर्वाला पाहून त्या हसल्या. "निकाळजे ना तू? वह्या वाटल्या तेव्हाची?"

"जयभीम," पूर्वा म्हणाली, जरा मोठ्यानंच.

"जयभीम."

चंद्रभागाबाईंनी पिशवीतून रहिवासी पत्र काढलं. "ही सही तुमची?"

"माझीच."

"कागद कोरा होता तेव्हाची?"

मैनाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं नाही, की कागद कुठून आणलात असंही विचारलं नाही. कागद उलटा करून मागचा आकडा पाहिला, पर्समधून छोटी वही काढली, पानं उलटली. "त्रेसष्ट. निकाळजे, चंद्रभागा कचरू. रहिवासी पत्र, रेशनकार्डासाठी. बरोबर?"

चंद्रभागाबाईंनी मान हलवली.

"शंभर सह्या द्याव्या लागतात मावशी. नाही दिल्या तर शेठ पुढच्या वेळी दुसरी मैना शोधतील. मग मी नंबर घालून देते. रोज संध्याकाळी झेरॉक्स मागून घेते आणि कुठला कशाला लागला ते वहीत टिपते."

"सगळ्यांच्या मिळाल्या?"

मैनाबाईंनी वही मिटली. "सत्त्याण्णवच्या मिळाल्या. तीन कुठं गेल्या, अजून कळलं नाही."

"तीनच पुरतात," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "माझ्या पण तीनच होत्या."

ते काय ते मैनाबाईंना कळलं नाही, आणि चंद्रभागाबाईंनी सांगितलं नाही.

"आता नाही देणार," मैनाबाई म्हणाल्या. "आजपासून बंद."

"आज शेठ चिडलेत म्हणून म्हणताय. उद्या ते गोड बोलले की?"

"तेव्हाचं मला माहीत नाही."

हे उत्तर चंद्रभागाबाईंना आवडलं नाही, पण खोटं वाटलं नाही. देणार नाही म्हणजे नाही, असं छातीठोक काही बोलली असती तर त्या तिथूनच वळल्या असत्या.

पूर्वानं मध्येच विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटली, सगळे हसत होते तेव्हा?"

"वाटली की. टेबल सोडलं नाही मी, बघितलंस ना? सोडलं असतं तर पडले असते."

मैनाबाईंचा मोबाइल पर्समध्ये परत थरथरायला लागला. त्यांनी पर्सवर हात दाबून धरला आणि जिन्याकडे निघाल्या.

"बोर्डावरचा फोटो तेवढा बदलून घ्या," चंद्रभागाबाई मागून म्हणाल्या. "पोरगी म्हणते, चुकीचा आहे."

मनपाच्या थांब्यावर येरवड्याची बस लागायला वेळ होता. दोघी बाकावर बसल्या. पूर्वानं बराच वेळ चुळबूळ केली, मग दप्तरातून घडी घातलेला कागद काढला आणि आजीच्या मांडीवर ठेवला.

"अर्ज. उद्या द्यायचाय."

"आणि तीन दिवस दप्तरात काय करत होता?"

पूर्वा चप्पल घासत बसली.

कागद इंग्रजीत होता. चंद्रभागाबाईंना अक्षरं लागत, अर्थ कमी लागे. "वाच. मराठीत सांगत जा. एकही ओळ गाळायची नाही."

पूर्वानं नाव वाचलं, इयत्ता वाचली, हजेरी क्रमांक वाचला. मग म्हणाली, "पद. स्वच्छता समिती प्रमुख."

चंद्रभागाबाईंनी कागद घेतला आणि बसथांब्याच्या छपराबाहेर, उन्हाकडे धरला. पेन्सिलीनं लिहिलेल्या त्या शब्दांखाली रबरानं घासून पांढरट पडलेली जागा होती, आणि त्या जागेत दाब देऊन लिहिलेली दुसरी अक्षरं अजून उमटलेली होती. पाच इंग्रजी अक्षरं. ही त्यांना वाचता आली. मेयर.

"वरचं अक्षर कुणाचं?"

"नीरजा मिसचं. त्या म्हणाल्या, तुला हे छान जमेल, तू नीटनेटकी आहेस. महापौरला खूप जण उभे आहेत, त्यात तुझं नाव मागे पडेल. त्या वाईट नाहीत, आज्जी. मला आवडतात."

"मी कुठं वाईट म्हटलं? आणि खालचं अक्षर?"

"माझं."

"खोडलं कुणी?"

समोरून दोन बसेस गेल्या, एक वाघोलीची आणि एक कर्वेनगरची.

"मीच," ती म्हणाली. "मिसनी विचारलं, चालेल ना. मी म्हटलं चालेल. मग रबर मीच घेतलं."

चंद्रभागाबाईंनी कागद खाली घेतला. कारकुनानं लिहिलं असतं तर सोपं होतं. साहेबाच्या दाराशी दर सोमवारी उभं राहता येतं. त्यांना प्रज्ञेशची दाराजवळची खुर्ची आठवली. राजीखुशीने तयार आहे, असं पोरीनं स्वतःच लिहून दिलं होतं, तेही गोड बोलण्यावर, कुणी जबरदस्ती न करता.

"मग आता?" त्यांनी विचारलं. "मैनाताई उठली म्हणून तूही उठणार? ती पुढच्या महिन्यात बसली तर?"

"तर पुढच्या महिन्यात परत बघायला येऊ," पूर्वा म्हणाली. "पण मी तिच्यामुळे नाही लिहिणार. आधीच लिहिलं होतं. ती यायच्या आधी."

"कधी?"

"जूनमध्ये. फॉर्म मिळाले त्या दिवशीच. ती आल्यावर मला फक्त... सृष्टीला काय सांगायचं ते मिळालं."

"आणि तरी खोडलंस."

"तू म्हणालीस ना, ती काय राखणार आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशी खोडलं."

चंद्रभागाबाईंनी पिशवीत हात घालून चष्म्याचं घर काढलं, मग रुमाल, मग पेन. पेन निळ्या शाईचं होतं, निवृत्तीच्या दिवशी बाबुरावनं दिलेलं.

"घे. पेन्सिलीनं नको."

पूर्वानं कागद दप्तरावर पसरला. स्वच्छता समिती प्रमुख या शब्दांवर एक सरळ रेघ मारली, रबर लावलं नाही. वर मोकळ्या जागेत, जोर देऊन, पाच अक्षरं लिहिली. मग कागद आजीपुढे केला आणि बोटानं सहीची जागा दाखवली.

"थांब," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "खाली अजून दोन ओळी आहेत. त्या वाचल्या नाहीस."

"त्या सगळ्यांच्याच फॉर्मवर असतात, आज्जी. तसंच छापलेलं असतं."

"वाच."

पूर्वानं वाचल्या. निवड झाल्यास विद्यार्थी शाळेचे नियम पाळेल. निवड न झाल्यास निकाल मान्य करेल. चंद्रभागाबाईंनी दुसरी ओळ परत वाचायला लावली.

"हरलीस तर मान्य आहे?"

"मान्य आहे."

"आणि रबर?"

"नाही घेणार."

येरवड्याची बस वळणावर दिसली. चंद्रभागाबाईंनी कागद आणखी एकदा उन्हाला धरला, नातीकडे एकदा पाहिलं, आणि बस थांब्याला लागायच्या आत सही केली, पूर्ण नाव घालून.